डिस्क रंगवून पैसे सुटतात का? : २०२४ च्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहून ठेवते. डिस्क गोल्फच्या डिस्क रंगवून द्यायच्या धंद्यात माल, फी, टपाल, कर आणि माझा वेळ वजा जाता हातात काही उरतं का? हौस वेगळी. हौसेला हिशेब नसतो, म्हणून ती यात धरायची नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फच, फक्त चेंडूऐवजी हाताने फेकायची चकती आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. या टोपलीचं पेटंट एड हेड्रिक यांच्या नावावर, १९७७ चं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना काढली आणि स्पर्धांचे नियम आजही तीच ठरवते. चकती फ्रिसबीपेक्षा लहान, घट्ट आणि कडेला निमुळती. एकेक खेळाडू पिशवीत पंधरा-वीस घेऊन हिंडतो. लांब फेकीच्या वेगळ्या, मधल्या टप्प्याच्या वेगळ्या, टोपलीजवळ टाकायच्या पटर वेगळ्या. म्हणजे गिऱ्हाईक एक आणि नग वीस. धंद्याच्या नजरेला हे बरं दिसतं.

आम्ही अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहतो. इथून गाडीने जवळच रॉक हिल आहे. तिथे विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून युनायटेड स्टेट्स डिस्क गोल्फ चँपियनशिप भरते. शहरातही हॉर्नेट्स नेस्ट पार्कसारखे नावाजलेले कोर्स आहेत. नवरा कोविडच्या काळात या खेळाला लागला आणि गॅरेजचा एक कोपरा डिस्कांनी भरला. मी खेळत नाही. मी टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकलेली, इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये पॉलिएस्टरच्या शेड जुळवत बसायचे. इथे बघते तर लोक तेच डिस्पर्स डाय (पॉलिएस्टरला लागणारे रंग) शेव्हिंगच्या फेसात कालवून डिस्कवर चढवतायत आणि पांढरी वीस डॉलरची डिस्क चाळीसला विकतायत. हात शिवशिवणारच.

पहिला अडसर नियमाचा असू शकला असता, तो नाही. डिस्कवर जाणवेल इतका थर बसवणारा रंग लावला तर ती स्पर्धेतून बाद होते, म्हणून ऑइल पेंट, स्प्रे पेंट कटाप. डाय मात्र थर देत नाही, प्लॅस्टिकच्या आत शिरतो, त्यामुळे चालतो. वजनाची मर्यादा व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम. म्हणजे २१.२ सेंटिमीटरच्या ड्रायव्हरला (लांब फेकीच्या डिस्कला) पावणेदोनशेच्या आसपास. रंगवण्याआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली, आकडा तोच.

९ मार्च, शनिवार

आधी कागद. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याला कंपनीशिवाय दुसरीकडे काम करता येत नाही. स्वतःच्या बायकोच्या धंद्यातसुद्धा नाही. मी एच-फोरवर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, पण कामाचं कार्ड आहे. ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डाची फाइल ठरावीक टप्पा ओलांडून गेलीय त्यांना ते २०१५ पासून मिळतं. या कार्डावर स्वतःचा धंदा करता येतो. म्हणून सगळं माझ्या नावावर: नाव कौंटीत नोंदवलं, राज्याच्या महसूल खात्याकडून विक्रीकराचा नंबर घेतला (त्याला फी नाही), बँकेत वेगळं खातं. थेट विक्रीवर शार्लटमध्ये ७.२५ टक्के कर घ्यावा लागेल.

घरात नियम ठरला: नवऱ्याने खेळायचं, तोंडी सल्ला द्यायचा, मालाला हात लावायचा नाही. त्याला हे फारच सोयीचं वाटलं.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण पुढे उत्साहात विसरली जाईल. हा धंदा एका कार्डावर उभा आहे आणि कार्डाला तारीख आहे. नूतनीकरण रखडलं तर दुकान त्या दिवशी बंद. त्यामुळे मोठं भांडवल अडकवायचं नाही.

१७ मार्च, रविवार

प्लॅस्टिक. सगळा खेळ इथेच आहे आणि नवे लोक नेमके इथेच पैसे घालवतात.

डिस्क दोन जातीच्या. स्वस्तातल्या बेस प्लॅस्टिकच्या, उदाहरणार्थ इनोव्हाची डीएक्स. यांच्यावर रंग नीट बसत नाही, फिका आणि डागाळ येतो. महागातल्या, म्हणजे इनोव्हाची स्टार आणि चँपियन, डिस्क्राफ्टची ईएसपी आणि झी, डायनॅमिक डिस्क्सची ल्युसिड, एमव्हीपीची न्यूट्रॉन. या पॉलियुरेथेनच्या घराण्यातल्या आणि डिस्पर्स डाय पिऊन घेतात. एमव्हीपीत कडेचा कठीण घेर वेगळ्या प्लॅस्टिकचा, आतला भाग वेगळा, त्यामुळे एकाच रंगात बुडवली तरी दोन शेड निघतात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगायचं.

कारण साधं आहे. डिस्पर्स डाय पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात आणि धाग्याचे रेणू गरम होऊन सैल झाले की आत सरकतात. पॉलिएस्टर कापडाला त्यासाठी बंद मशीनमध्ये १३० अंश लागतात, नाहीतर उकळत्या पाण्यात कॅरिअर (रंगाला आत शिरायला मदत करणारं रसायन) घालावा लागतो. डिस्कचं पॉलियुरेथेन मुळातच मऊ, त्याच्या साखळ्या साध्या तापमानालाही हलत्या असतात. म्हणून ६० ते ७० अंशांत काम होतं आणि एक दिवस ठेवलं तर गार अवस्थेतही. इचलकरंजीत हे कुणाला सांगितलं तर हसतील: डिस्पर्स, आणि बॉयलरशिवाय!

वरची मर्यादाही आहे. एक जुनी डिस्क मुद्दाम ८५ अंशांच्या पाण्यात ठेवून पाहिली. घुमट खाली बसला, कड लाटेसारखी झाली. गार झाल्यावर सपाट ओट्यावर ठेवली तर डुगडुगते. अशी डिस्क उडायची तशी उडणार नाही, म्हणजे गिऱ्हाईक गेलं. ७० च्या वर जायचं नाही.

रंग दोन-तीन कंपन्यांचे मिळतात. आयडाय पॉलीची पुडी १४ ग्रॅमची, सोबत कॅरिअरचं छोटं पाकीट. रिटचं डायमोर द्रवरूप, ते बुडवण्यासाठी ठीक. पुडीच परवडते, कारण बेडच्या पद्धतीत (लोशनच्या थरावर रंग टाकून त्यात डिस्क पालथी घालायची) एका डिस्कला चिमूटभरच लागते.

पुण्यातल्या मावसभावाने विचारलं, आमच्या अल्टिमेटच्या (फ्रिसबीच्या सांघिक खेळाच्या) डिस्क रंगवून देशील का. नाही. डिस्क्राफ्टची अल्ट्रास्टार पॉलिथिनची, तिच्यात डिस्पर्स शिरत नाही. तेवढ्यावर विषय संपला.

६ एप्रिल, शनिवार

गॅरेजची मांडणी. ॲसिटोन लागतंच: कारखान्याचा चकचकीत फॉइलचा शिक्का पुसायला आणि रंगाची पूड विरघळवायला. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि आमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात गॅसवरचा पाण्याचा बंब आहे, ज्यात बारीक ज्योत कायम जळते. त्यामुळे ॲसिटोनचं काम दार उघडून, बाहेर ड्राइव्हवेवर. नायट्राइल हातमोज्यातून ॲसिटोन मिनिटांत आत येतं, त्याला ब्यूटिल रबराचे लागतात. पूड मोजताना मास्क. डिस्पर्समधले काही निळे कातडीला खाज आणतात, लॅबमध्ये एका सहकाऱ्याचे हात पाहिलेत. रंगाची भांडी वेगळी, त्यांवर लाल टेप. ती पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाहीत.

आज बेडच्या पद्धतीची चाचणी. केकच्या गोल टिनमध्ये बोटभर लोशन, त्यावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या रंगाचे थेंब, काडीने रेघा ओढायच्या आणि डिस्क पालथी घालून अलगद दाबायची. खाली हवेचा बुडबुडा अडकला तर तिथे पांढरा डोळा राहतो, म्हणून एका कडेने टेकवत आणायची. रात्रभर ते दिवसभर. गार हवेत रंग मंद चढतो, म्हणून टिनखाली रोपांना ऊब द्यायची चटई घातली.

लोशन, फेस, फ्लोट्रॉल (भिंतीच्या रंगात मिसळायचं द्रव), पांढरा गोंद, प्रत्येकाची रेघ वेगळी येते. फेसात ढगाळ, फ्लोट्रॉलमध्ये पेशींसारखे गोल, गोंदात सगळ्यात धारदार. मला गोंद आवडला, पण वाळायला वेळ घेतो आणि सोलताना तुटतो. लोशन सर्वांत बिनकटकटीचं.

काळा रंग बघण्यासारखा निघाला. पुडीतला काळा हा एकच रंग नसतो, तीन-चार रंगांचं मिश्रण असतं. लहान रेणूचे पुढे धावतात, मोठे मागे राहतात. म्हणून काळ्या रेघेच्या कडेला जांभळी-निळसर झालर येते. कापडात याला दोष म्हणायचे आणि लॉट परत यायचा. इथे लोक त्याचेच जास्त पैसे देतात.

२८ एप्रिल, रविवार

स्टेन्सिल. ओरॅकल ६५१ व्हिनाइल, कटिंग मशीनवर चित्र कापायचं, जिथे रंग हवा तिथलं व्हिनाइल चिमट्याने उचलायचं, ट्रान्स्फर टेपने डिस्कवर बसवायचं, हेअर ड्रायरने ऊब देऊन दाबायचं आणि गरम रंगात ठेवायचं. चार-पाच मिनिटांत गडद काळा.

वेळ खातं ते व्हिनाइल उचलणं. एका वाघाच्या तोंडावरच्या मिशा उचलायला रंगवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. दोन रंगांचं चित्र म्हणजे दोनदा व्हिनाइल बसवणं, फिक्यापासून गडदाकडे, आणि वेळ दुपटीहून जास्त. गिऱ्हाइकाला दुसऱ्या रंगाचे पाच डॉलर जास्त वाटतात. मला अर्धा तास लागतो. हे गणित आताच खटकतंय.

डिस्क घुमटाकार आहे, व्हिनाइल सपाट. उताराकडे गेलं की कडेला चुणी पडते आणि तिथून रंग आत झिरपतो. चित्र मधल्या सपाट भागातच ठेवायचं, घेरावर चढवायचं असेल तर वेगळे पैसे.

धुण्याचं: कापडात डिस्पर्सनंतर हायड्रो-कॉस्टिकने रिडक्शन क्लिअरिंग करतात, वर चिकटलेला रंग निघून जावा म्हणून. इथे भांडी धुण्याचा साबण आणि वर स्पिरिटचा बोळा पुरतो. पण करायलाच हवं, नाहीतर पिशवीत शेजारच्या पांढऱ्या डिस्कला डाग लागतो.

१९ मे, रविवार

एट्सी या ऑनलाइन बाजारावर दुकान उघडून काही आठवडे झाले. माल जातोय. आता एका डिस्कचा हिशेब, एका रंगाचं स्टेन्सिल आणि खाली बेड, किंमत ४० डॉलर, टपाल त्यातच धरलेलं, कारण टपाल वेगळं लावलं की खरेदीदार पळतात.

पांढरी, शिक्का नसलेली डिस्क १३ डॉलर. रंग, व्हिनाइल, लोशन, ॲसिटोन मिळून २.२०. एट्सी: नग लावायचे ०.२०, विक्रीवर ६.५ टक्के म्हणजे २.६०, पैसे वळते करायचे ३ टक्के आणि वर २५ सेंट म्हणजे १.४५. तिथेच ४.२५ गेले. टपाल साडेसहा, खोकं आणि कागद ०.९०. एकूण २६.८५. हातात १३.१५. दहातली एक डिस्क कुठेतरी डागते किंवा बुडबुडा धरते, तिचा भार वाटून घेतला तर ११.६५.

आता वेळ. चित्र ठरवणं, कापणं, उचलणं, बुडवणं, धुणं, फोटो, वर्णन, निरोपांना उत्तरं, खोकं, पोस्ट. सगळं मिळून एका डिस्कला एक तास पन्नास मिनिटं. तासाला ६ डॉलर ३५ सेंट. नॉर्थ कॅरोलिनाचं किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट आहे. आणि यातून १५.३ टक्के स्वयंरोजगाराचा कर अजून जायचाय.

कधी कधी एट्सी आपणहून बाहेर जाहिरात करतं आणि तिथून गिऱ्हाईक आलं तर १५ टक्के कापतं. चाळीसवर सहा. अशी ऑर्डर आली की मी साडेपाच-सहा डॉलरसाठी दोन तास राबते.

किंमत ५५ करू म्हटलं तर? तशी विकणारे आहेत, आणि त्यांचं काम पाहिलं की कळतं का. वर्षानुवर्षांचा हात, स्वतःची शैली, पाठीशी गिऱ्हाइकांचा जमाव. मी तिथे आज नाही. शिवाय कोविडनंतरची परिस्थिती वेगळी आहे. तेव्हा डिस्क मिळत नव्हत्या, दुकानात आली की उडायची. आता कपाटं भरलेली आहेत आणि जुन्या डिस्क लोक निम्म्या किमतीला काढतायत. चाळीसची डिस्क तळ्यात पडली तर माणूस हळहळतो. पंचावन्नची तो मुळात फेकतच नाही, भिंतीवर लावतो. भिंतीवर किती मावणार?

२ जून, रविवार

बाबांशी फोन. त्यांची हयात प्रोसेसमध्ये गेली, त्यामुळे हा हिशेब त्यांना वाचून दाखवला. सगळं ऐकून म्हणाले, "माल कुणाचा?"

"माझाच. पांढऱ्या आणते, रंगवते, विकते."

"म्हणजे ग्रे, कोरं कापड, पण तुझं, रंग पण तुझा, आणि पडून राहिलं तर ते पण तुझंच. अगं, आपल्या गावात कुठला प्रोसेसवाला ग्रे विकत घेऊन बसतोय? व्यापाऱ्याचं कापड येतंय, मीटरवर मजुरी घ्यायची आणि रंगवून गाडीत भरून द्यायचं. कापड खपलं न्हाई तर झोप त्याची उडती."

"इथे कोण देणार मला कापड?"

"तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजमध्ये काय पडलंय मग?"

बरोबर आहे. इथल्या प्रत्येक खेळाडूकडे पांढऱ्या, पिवळ्या, शिक्का उडालेल्या डिस्क पडून आहेत, आणि एट्सीच्या हिशेबातले १३ डॉलर डिस्कचे, साडेसहा टपालाचे, सव्वाचार फीचे हे तिन्ही आकडे डिस्क त्यांची असेल आणि ते स्वतः आणून देत असतील तर सरळ गळून पडतात. उरते मजुरी. इचलकरंजीत निम्मे यंत्रमागवाले खर्चीवर चालतात, सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. मी त्या गावची आणि मला हे सुचायला जून उजाडला.

फोन ठेवताना बाबा आणखी एक बोलले: "पण एक ध्यानात ठेव. मजुरीवाल्याचा दर व्यापारी पाडतोय. एकाच व्यापाऱ्यावर बसू नकोस."

१४ जुलै, रविवार

उन्हाची चाचणी. एकसारखं बारीक रेघांचं चित्र दोन डिस्कवर. एक घरात कपाटात, दुसरी नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत, गेले काही आठवडे. इथे जुलैत बाहेर ३२-३३ अंश, बंद गाडीत त्याहून बरंच जास्त.

आज शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या. कपाटातल्या डिस्कची रेघ कोरीव. डिकीतलीची कड पसरलीय, काळ्याच्या बाजूला जांभळा अंधुक सरकलाय. बारीक अक्षरांची पोटं भरून आलीत. "e" आणि "o" आता सारखेच दिसतात. ठळक आकारांना फरक नाही. अपेक्षितच होतं, रंग आत शिरला त्याच वाटेने तो पुढेही चालत राहतो. ऊब मिळाली की झपाट्याने.

यातून दोन नियम. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ घ्यायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणि प्रत्येक डिस्कसोबत चिठ्ठी: गाडीत ठेवू नका. कुणी पाळणार नाही, पण तक्रार आली तर चिठ्ठी कामाला येईल.

११ ऑगस्ट, रविवार

मजुरीचं काम सुरू झालंय. दर: बेड १८ डॉलर, एका रंगाचं स्टेन्सिल २५. डिस्क त्यांची. आठवड्यातून एका संध्याकाळी कोर्सच्या पार्किंगमध्ये घेणं-देणं. बेडला माल १.८०, हाताचा वेळ चोवीस मिनिटं, कारण टिनमध्ये ती आपली आपण रंग पीत बसते, मला बघत बसायला लागत नाही. तासाला चाळीस डॉलर पडतात. कागदावर.

प्रत्यक्षात बोलणं खूप. "थोडं निळं, पण समुद्रासारखं नको, वादळाआधीच्या आभाळासारखं." बेडमध्ये मला शेड ठरवता येते, आकार नाही. हे पाच वेळा समजवावं लागतं. मोबाइलवर जुन्या कामांचे बारा फोटो ठेवलेत. यातला एक नंबर सांगा. इचलकरंजीत शेड कार्ड असतं ते याचसाठी.

दोन प्रकारची कामं नाकारते. एक, लोगो. कॅरोलिना पँथर्स या फुटबॉल संघाचं चिन्ह, चित्रपटातली हिरवी कानवाली बाहुली, हे रोज कुणीतरी मागतं. दुसरा करतो म्हणून मी का नाही, हा त्यांचा युक्तिवाद. दुसऱ्याकडे करून घ्या म्हणते. परवान्याशिवाय पैसे घेऊन ते करणं बेकायदा, आणि माझ्यासारख्या व्हिसावरच्या बाईने असल्या भानगडीत पडायचंच नाही.

दोन, दुर्मीळ माल. एकाने बंद झालेल्या साच्याची पहिल्या खेपेतली डिस्क आणली, तिची किंमत माझ्या महिन्याच्या मजुरीएवढी. शिक्का पुसून रंगवायची म्हणाला. तो शिक्काच तर त्या डिस्कची किंमत. त्याला तसं सांगितलं, तो डिस्क घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात दोन साध्या घेऊन आला.

पावतीवर आता छापलंय: जुन्या डिस्कवर ओरखड्यांत रंग गडद बसतो. बिघडली तर मजुरी परत, डिस्कची भरपाई वीस डॉलरपर्यंत.

२१ सप्टेंबर, शनिवार

एका क्लबचं काम. त्यांच्या वार्षिक स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला द्यायला डिस्क, एकाच चित्राच्या, एकाच रंगाच्या. डिस्क क्लबने घाऊक आणल्या. दर नगाला ११ डॉलर.

इथे रोजच्या कामाचा चेहराच बदलतो. व्हिनाइल एकदाच बसवून मशीनला लावलं की ते सगळी चित्रं सलग कापतं. उचलायचं काम टीव्हीसमोर बसून एका दमात. शिक्के नाहीत, तर ॲसिटोन नाही. रंगाचं भांडं एकदाच तापवायचं. पहिल्या डिस्कला साडेचार मिनिटं, शेवटच्यांना सहा, कारण रंग उतरत जातो. लॅबमध्ये जसं करायचो तसं दर दहा नगांमागे चिमूट पूड वाढवत नेली तर शेड एकसारखी राहते. सगळ्या ओट्यावर मांडून नवऱ्याला विचारलं पहिली कुठली, शेवटची कुठली. त्याला सांगता आलं नाही.

नगाला चौदा मिनिटं, माल १.३०. तासाला ४१ डॉलरच्या वर. आणि चर्चा एकाच माणसाशी.

त्या माणसाने सहज विचारलं, की हेच काम कंपन्या करत नाहीत का? करतात. डायनॅमिक डिस्क्सचं डायमॅक्स, डिस्क्राफ्टचं सुपरकलर, फोटोसारखं रंगीत. पण त्यांना मोठी संख्या लागते आणि थांबावं लागतं. तीस-चाळीस नगांचं काम, तेही दोन आठवड्यांत हवं असेल तर त्यांच्या दारात कुणी जात नाही. माझी जागा तेवढीच.

२० ऑक्टोबर, रविवार

या महिन्यात रॉक हिलला चँपियनशिप बघून आले. नवरा फेकी बघत होता, मी दुकानं. रंगवलेल्या डिस्क हातात घेऊन उलटसुलट करून पाहणारे पुष्कळ, किंमत विचारून परत ठेवणारेही पुष्कळ. जिथे विक्री होत होती तिथे विकणारा समोर बसून रंगवत होता. लोक उभे राहून बघायचे आणि मग तीच हवी म्हणायचे. स्टॉलचं भाडं, तंबू, विमा, दोन-तीन दिवस पायावर उभं राहणं हे सगळं धरलं तर माझ्या हाताला ते झेपणारं नाही. फिरत्या चाकावर रंगवतात ते मात्र बघतच राहावं असं: कुंभाराच्या चाकावर गोंद लावलेली डिस्क, वरून रंगाची धार, आणि वर्तुळं आपोआप उमटतात. चाक महाग आहे. मोह आवरला.

१ डिसेंबर, रविवार

वर्षाचा ताळा.

एट्सी: खर्च जाऊन ४१० डॉलर, पासष्ट तास. सुटी मजुरी: ८९०. हाताचे बावीस तास, पण निरोप, पार्किंगमधल्या गप्पा, ये-जा धरून बत्तीस, म्हणजे तासाला २८. क्लबची कामं (नंतर आणखी दोन आली): १,०७०, हाताचे सव्वीस आणि बोलण्याचे सहा, तासाला ३३. कटिंग मशीन, चटई, पंखा, भांडी, हातमोजे मिळून ४३० वजा. निव्वळ १,९४०. आम्ही दोघं कर एकत्र भरतो, त्यामुळे नवऱ्याच्या पगारावरचा दर यालाही लागतो. केंद्र, राज्य, स्वयंरोजगार मिळून तिसरा हिस्सा जाईल. उरतील साधारण साडेबाराशे-तेराशे. इचलकरंजीला जाऊन यायचं एक तिकीट.

तर धंदा आहे का? रंगवलेली डिस्क विकण्याचा नाही, निदान माझ्या हाताला नाही. रंगवून देण्याचा आहे, आणि तोही जवळपासच्या क्लबांची संख्या जिथे संपते तिथे संपतो. माणूस ठेवून वाढवता येईल, पण त्याला बारा महिने पुरेल इतकं काम इथे नाही. पूर्ण वेळ यावर घर चालवणारे असतील. त्यांच्याकडे नाव आहे, शैली आहे, आणि बहुतेकांकडे चाकही आहे.

एट्सीचं दुकान ३१ डिसेंबरला बंद. उरलेल्या पांढऱ्या डिस्क मूळ किमतीला नवऱ्याच्या मित्रांना काढायच्या. सुट्या कामाचा दर बेडला २०, आणि बाराच शेड. तेराव्या शेडची चर्चा नाही.

सप्टेंबरच्या क्लबचा पुढच्या वर्षासाठी निरोप आला. दुप्पट नग देऊ, दर ९ करा. बाबांचं म्हणणं आठवलंच. नऊला बसवायचं तर नगाचा वेळ चौदावरून अकरा मिनिटांवर आणावा लागेल. एका वेळी तीन डिस्क बुडतील असा स्टीलच्या तारेचा स्टँड केला तर जमेल, पण तो फायदा मी त्यांना का द्यावा? शिवाय आणखी दोन क्लब आहेत, एकट्यावर बसलेली नाही. कळवलं: १० डॉलर, किमान चाळीस नग, निम्मे पैसे आगाऊ, चित्र एकदा ठरलं की बदलायचं नाही. उत्तर अजून आलेलं नाही. स्टँडची तार मात्र मागवून ठेवलीय.